पत्र लिहिणं म्हणजे भांडण नव्हे

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी ‘आपापल्या कामाविषयी वीस मिनिटं बोला’ असं सांगितलं, तेव्हा मला आधी डॉक्टर मित्रांचा हेवा वाटला. त्यांना काम समजावून सांगावं लागत नाही. माझी आई विचारणाऱ्याला सांगते, ‘ती कॉम्प्युटरमध्ये आहे.’ सासूबाई शेजारी सांगतात, ‘ती कोर्टकचेऱ्यांचं बघते.’ दोघींचंही थोडं थोडं खरं आहे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. पहिली बरीच वर्षं बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. गेली आठ वर्षं पुण्यात एका सल्लागार कंपनीत आहे. आमचं काम बांधकामातल्या दाव्यांचं आणि वादांचं. आमच्याकडे सिव्हिल इंजिनिअर आहेत, क्वांटिटी सर्व्हेअर आहेत, वकील आहेत आणि त्या सगळ्यांना लागणारा कागद शोधून देणारी मी आहे.

आता हे वाद कसले? पूल, रस्ता, कालवा, मेट्रोचं स्टेशन, रुग्णालयाची इमारत, काहीही घ्या. करार होतो की इतक्या महिन्यांत, इतक्या रुपयांत काम पूर्ण होईल. आणि काम लांबतं. हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. सिडनीचं ऑपेरा हाउस १९५९मध्ये बांधायला घेतलं, तेव्हा अंदाज होता चार वर्षांचा आणि ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा. उद्घाटन झालं १९७३मध्ये आणि खर्च गेला १० कोटींच्या वर.

काम लांबलं की प्रश्न एकच उरतो: उशीर कोणामुळे झाला? ठेकेदारामुळे झाला असेल तर त्याच्या बिलातून दंड कापला जातो. काम देणाऱ्यामुळे झाला असेल, म्हणजे जागा वेळेवर ताब्यात दिली नाही, नकाशे उशिरा दिले, तर ठेकेदाराला मुदतवाढ मिळते आणि वाढलेला खर्च मागता येतो. महापुरासारखं कोणाच्याच हातात नसलेलं कारण असेल तर बहुतेक करारांत मुदत वाढते, पैसे मिळत नाहीत. दोघांकडूनही एकाच वेळी उशीर झाला असेल तरी साधारण तीच रीत आहे. ऐकायला चार वाक्यं आहेत, पण ती सिद्ध करताना माणसांची वर्षं जातात.

यात एक गंमत आहे, ती कोकण रेल्वेवरून सांगते, कारण आपण सगळे त्या गाडीत बसलेलो आहोत. काम १९९०मध्ये सुरू झालं. सातशे किलोमीटरहून लांब मार्ग, ९१ बोगदे, लहानमोठे जवळपास दोन हजार पूल. टप्प्याटप्प्याने मार्ग तयार होत गेला, पण गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ, ओली माती लागली. ती पुन्हा पुन्हा ढासळायची, पाणी भरायचं. उत्तरेला रूळ तयार, दक्षिणेला रूळ तयार, आणि सलग गाडी मात्र सुरू होईना. तो बोगदा झाला आणि जानेवारी १९९८मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. आमच्या भाषेत याला क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत ही पद्धत तयार झाली. ज्या कामांच्या साखळीमुळे शेवटची तारीख ठरते, ती साखळी. तिच्या बाहेरचं काम महिनाभर रखडलं तरी प्रकल्पाला कदाचित एक दिवसही उशीर होणार नाही. म्हणून ‘आम्हाला अमुक नकाशा तीन महिने उशिरा मिळाला’ एवढं सांगून भागत नाही. तो नकाशा नव्हता म्हणून त्या काळात नेमकं कोणतं काम थांबलं आणि त्यामुळे शेवटची तारीख किती पुढे गेली, हे दाखवावं लागतं.

माझं काम इथे सुरू होतं. एखाद्या वादात आमच्याकडे टेम्पोभर खोकी येतात. पत्रं, मोजमाप पुस्तकं, रनिंग बिलं, क्यूब टेस्टचे अहवाल, मजुरांची हजेरी, नकाशांची नोंदवही, बैठकांची इतिवृत्तं. शिवाय ई-मेल आणि आता व्हॉट्सॲप. हे सगळं स्कॅन करायचं, वाचता येईल असं करायचं, एकच पत्र सात ठिकाणी लावलेलं असेल तर सहा प्रती बाजूला काढायच्या, आणि सगळं तारखेनुसार एका ओळीत लावायचं. तारीख पत्रावर छापलेली वेगळी असते आणि आवक शिक्क्यावरची वेगळी. तीन तारखेचं पत्र एकोणीस तारखेला पोहोचलेलं असेल तर मला एकोणीस महत्त्वाची. दुसरं काम वेळापत्रकांचं. मोठ्या प्रकल्पांचं वेळापत्रक प्रायमाव्हेरा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतं आणि ते दर महिन्याला अद्ययावत करून पाठवतात. मी लिहिलेला प्रोग्रॅम दोन महिन्यांच्या फायली शेजारीशेजारी ठेवतो आणि काय बदललं ते दाखवतो. मार्चच्या फायलीत पायाचं काम १० फेब्रुवारीला सुरू झालेलं असतं आणि जूनच्या फायलीत तेच काम २५ जानेवारीला सुरू झालेलं दिसतं. भूतकाळ बदलला, की मग विचारायचं, का बदलला?

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडे येते. आठ वर्षांत एवढे कागद पाहिले आणि एक गोष्ट मनात पक्की झाली. पैसे बुडतात ते बहुतेक वेळा कोणी खोटं बोललं म्हणून नाही. बुडतात, कारण त्या वेळी कोणी लिहिलं नाही.

का लिहीत नाहीत? मी अनेकांना विचारलं. उत्तर ठरलेलं असतं: ‘मॅडम, पत्र दिलं तर साहेबांना राग येतो.’ आपल्याकडे पत्र देणं म्हणजे भांडण काढणं असा समज आहे. ‘नोटीस’ हा शब्द ऐकला की घरातसुद्धा सगळे गप्प होतात. जागा ताब्यात नाही, झाडं तोडायची परवानगी नाही, विजेचे खांब हललेले नाहीत, तरी ठेकेदार साहेबांच्या केबिनमध्ये चहा पितो आणि साहेब म्हणतात, ‘तुम्ही काम चालू ठेवा, मी आहे ना.’ साहेब मनापासून म्हणत असतात. अडचण ही की दोन वर्षांनी त्यांची बदली होते. नवे साहेब फाईल उघडतात आणि विचारतात, ‘हे कुठे लिहिलंय?’ त्यांचंही चुकत नाही. उद्या ऑडिटमध्ये हाच प्रश्न त्यांना विचारला जाणार असतो.

एका पुलाच्या कामात मी हे अगदी जवळून पाहिलं. कामाला चौदा महिने उशीर झाला होता. त्यातले निम्म्याहून अधिक महिने जागेअभावी गेले, हे दोन्ही बाजूंच्या कनिष्ठ इंजिनिअरांना माहीत होतं. चहा पिताना ते ते मान्यही करायचे. पण ठेकेदाराचं पहिलं लेखी पत्र निघालं ते दंडाची नोटीस हातात पडल्यावर. त्याआधीच्या महिन्यांसाठी आम्ही काय दाखवणार? मुदतवाढ मागणारे त्याचे स्वतःचे अर्ज होते, पण त्यांत कारण होतं ‘पावसामुळे’. साहेबांना वाईट वाटू नये म्हणून पावसावर ढकललेलं. पाऊस तर दरवर्षी येतो. साध्या पावसाळ्याचा विचार ठेकेदाराने निविदा भरतानाच करायचा असतो. लवादासमोर तेच अर्ज त्याच्या विरुद्ध गेले. सज्जनपणे, नातं जपण्यासाठी लिहिलेली चार वाक्यं त्याला महाग पडली.

कायदासुद्धा हेच सांगतो, आणि आजचं नव्हे, १८७२पासून सांगतो. भारतीय करार कायद्याचं ५५वं कलम आहे. ठरलेल्या वेळेनंतर समोरच्याने केलेली पूर्तता तुम्ही स्वीकारली, तर उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही. मागायची असेल तर स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय कामांत फिडिक नावाच्या संस्थेचे नमुना करार वापरतात. त्यांत ठेकेदाराने अडचण कळल्यापासून २८ दिवसांत सूचना द्यायची असते. नाही दिली तर हक्क गेला, असं करारच म्हणतो. आपल्याकडे या अटीच्या वैधतेवर वकील वाद घालतात. पण एका कागदाने ज्या वादात पडणं टळतं, त्यात कशाला पडायचं?

आता एक उलटं उदाहरण, मला फार आवडणारं. एक लहान ठेकेदार आमच्याकडे आले. रस्त्याच्या भरावाचं काम, एका मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली. तोंडी सांगण्यावरून त्यांनी जास्तीचा मुरूम टाकला आणि बिल करताना मोठ्या ठेकेदाराने कानावर हात ठेवले. ते कागद घेऊन आले सिमेंटच्या रिकाम्या गोणीत. आदेशाचं एकही पत्र नाही. मोजमापांवर सह्या नाहीत. आमचे वकील निराश झाले. गोणीच्या तळाशी दोन वह्या निघाल्या, डिझेलच्या. डंपरचे ड्रायव्हर डिझेल चोरतात या संशयापायी त्यांच्या मुनीमाने रोज लिहिलं होतं: तारीख, डंपरचा नंबर, किती लिटर, किती खेपा, कुठून कुठे, आणि ड्रायव्हरची सही किंवा अंगठा. सलग अकरा महिने. एक दिवस चुकलेला नाही, आणि जिथे खाडाखोड आहे तिथे शेजारी सही आहे.

त्या वह्या आम्ही ओळीने संगणकात भरल्या. खेपा गुणिले डंपरची क्षमता, त्यातून वाहतुकीतला फुगवटा वजा, म्हणजे दबाईनंतर किती भराव उरतो ते. आकडा रस्त्याच्या आडव्या छेदांशी जुळवून पाहिला, जवळपास जुळला. समोरच्या वकिलांनी मुनीमाला उलटतपासणीत विचारलं, ‘ही वही तुम्ही या खटल्यासाठी लिहिली का?’ मुनीम म्हणाला, ‘नाही साहेब, चोरी पकडायला लिहिली.’ मला वाटतं, निकाल तिथेच लागला. मागितलेलं सगळं मिळालं नाही. वहीत जेवढं सापडलं तेवढं मिळालं, आणि तेही चार वर्षांनी. मधल्या काळात त्यांना एक पोकलेन विकावं लागलं होतं आणि मुलीचं शिक्षण कर्जावर चाललं होतं. निकालाच्या दिवशी त्यांनी मुनीमाला पेढे दिले, वकिलांना नंतर.

आकडेमोडीची सूत्रं पुष्कळ आहेत. हडसन नावाचं एक प्रसिद्ध सूत्र आहे. समजा करार ३६ कोटींचा, मुदत २४ महिने, मुख्य कार्यालयाचा खर्च आणि नफा मिळून दहा टक्के. म्हणजे महिन्याला १५ लाख. आठ महिने उशीर, तर १ कोटी २० लाख. एका मिनिटात उत्तर. पण २०२३च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुकसान खरंच झालं याचा पुरावा नसेल तर नुसत्या सूत्रावर रक्कम देता येणार नाही. म्हणजे पुन्हा गाडी वहीपाशी येते.

काही जण मग वही नंतर तयार करतात. ‘मॅडम, साइट डायरी नाहीये, लिहून घेतो की आठ दिवसांत!’ आम्ही नाही म्हणतो. ते पाप तर आहेच, शिवाय पकडलं जातं. वर्षभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या कळतात. हवामान खात्याकडे ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी डायरीत धो-धो पाऊस असतो. मे महिन्याच्या नोंदीत ऑगस्टमध्ये आलेल्या नकाशाचा सुधारित क्रमांक असतो. विज्ञानाचे सर समोर बसलेत, त्यांना हसू येतंय. परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या वर्गातल्या किती प्रयोगवह्या पूर्ण व्हायच्या आणि सर त्या कशा ओळखायचे, हे मी सांगायला नको. नावं घेत नाही, मंडळी पहिल्याच रांगेत आहेत. सर म्हणायचे, ‘बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येऊ शकतं रे, पण चूक सगळ्यांची सारखी कशी?’ आमचा प्रोग्रॅमही हेच शोधतो. चुकलेली स्पेलिंगसुद्धा तीच असेल तर कागद एकाच हातचा.

आणि मराठीच्या बाई. बाई, तुम्ही औपचारिक पत्र शिकवलंत: उजव्या कोपऱ्यात दिनांक, मग प्रति, मग विषय, मग संदर्भ, आणि मजकुरात एका परिच्छेदात एकच मुद्दा. संदर्भ लिहिला नाही तर तुम्ही गुण कापायचात. आज मी तरुण इंजिनिअरांना हेच शिकवते. ‘आपलं अमुक तारखेचं पत्र’ एवढी संदर्भाची ओळ असली की माझ्या प्रोग्रॅमला एका पत्राचा धागा पकडून मागची वीस पत्रं सापडतात. वेगळी भाषा लागत नाही. ‘अमुक तारखेपासून अमुक जागा उपलब्ध नाही. त्यामुळे अमुक काम थांबले आहे. आम्ही काम सुरू करण्यास तयार आहोत. होणाऱ्या विलंबाची नोंद घ्यावी, ही विनंती.’ यात भांडण कुठे आहे? ‘आपला नम्र’ लिहून खाली सही करता येते. उलट मी पाहिलेली सगळ्यात कडवट भांडणं त्या कामांवर झाली आहेत, जिथे दोन वर्षं सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं आणि कोणी काहीच लिहिलं नव्हतं.

इथे आपल्यातले पाचसहा जण बांधकामात आहेत, दोघे सरकारी खात्यात आहेत, आणि बाकीच्यांपैकी निम्मे तरी कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत. म्हणून थोडं कामाचं सांगते.

ठेकेदार मित्रांनो, तोंडी आदेश आला की त्याच दिवशी दोन ओळी पाठवा: ‘आज साइटवर आपण सांगितल्याप्रमाणे अमुक काम करत आहोत.’ अडचणीचं खरं कारण लिहा, सोयीचं नको. आवक शिक्का घेतल्याशिवाय परतू नका.

खात्यातल्या मित्रांनो, अडथळ्यांची नोंदवही ठेकेदाराच्या फायद्यासाठी नसते, ती तुमचंही रक्षण करते. खरा अडथळा असेल तर सही करा, खोटा असेल तर तसं लिहा. गप्प बसलात तर चार वर्षांनी लवाद ठरवील आणि व्याज जनतेच्या पैशातून जाईल. त्यात आता रीतही बदलते आहे. लवादाला निकालासाठी कायद्याने मुदत घातली आहे. जून २०२४मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या खात्यांना आणि उपक्रमांना सांगितलं की लवादाची तरतूद सरसकट करू नये आणि ती १० कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरती ठेवावी. मध्यस्थीवर भर द्यावा. मध्यस्थीत दोन्ही बाजू टेबलावर बसतात. तिथेही तडजोडीवर सही करायचं धैर्य अधिकाऱ्याला येतं ते फायलीत कागद असला तरच.

सोसायटीवाल्यांनो, पुनर्विकासात बिल्डरशी झालेल्या प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त दोन दिवसांत पाठवा. घराचा ताबा लांबला तर रेरा कायद्याचं १८वं कलम दर महिन्याच्या विलंबासाठी व्याज देतं. पण करारातली ताब्याची तारीख तुम्ही हसतमुखाने, सह्या करून तीनदा पुढे ढकलली असेल तर तुमची बाजू लंगडी होते.

आणि सगळ्यांसाठी मोबाईलचं. साइटचा किंवा घराच्या भिंतीच्या ओलीचा फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला, की फोटो केव्हा आणि कुठे काढला ही त्याच्या आत साठवलेली माहिती गळून जाते. मूळ फोटो जपून ठेवा, किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात, अर्ज वेळेत भरले की वेळेनंतर, हा वाद व्हिडिओवर येऊन ठेपला होता. त्यात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच समोर आणलं नसेल तर अशा पुराव्याला प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमाच्या प्रमाणपत्रात फायलीचा हॅशही द्यावा लागतो. हॅश म्हणजे फायलीचा अंगठा. आत एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. लवाद पुराव्याच्या कायद्याने बांधलेला नसतो, पण प्रकरण पुढे कोर्टात जाऊ शकतं, म्हणून आम्ही ही तयारी आधीच ठेवतो.

मला कधी कधी विचारतात, ‘भांडणांवर पोट भरतेस, वाईट नाही वाटत?’ वाटतं. ज्याने काम प्रामाणिकपणे केलंय, पण ज्याच्याकडे दाखवायला काही नाही, असा माणूस समोर बसला की वाटतं. त्याचं म्हणणं खरं आहे हे मला कळत असतं, आणि तरी ‘तुमचा हा मुद्दा टिकणार नाही’ असं मलाच सांगावं लागतं. तो काही बोलत नाही. कागद परत पिशवीत भरायला लागतो. असे लोक माझ्याकडे येण्याची वेळच येऊ नये, म्हणून हे सगळं बोलले.

गुरुजनहो, वहीत रोज तारीख घालायची, दिसलं तेच निरीक्षणात लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, हे तुम्ही आम्हाला कंटाळा येईपर्यंत सांगितलंत. त्याबद्दल मनापासून आभार. आणि मित्रांनो, उद्या सोमवार आहे. ‘साहेबांना काय वाटेल’ म्हणून एखादं पत्र तुमच्या खिशात राहिलं असेल, तर ते उद्या पाठवा. लिहायला मदत हवी असेल तर आता जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसा.